करबुड्याचा बोगदा आणि बाबा

आज बाबांना घेऊन कुडाळला आलो. कोकण रेल्वेवरचा करबुड्याचा बोगदा लागला, साडेसहा किलोमीटरचा, डब्यात अंधार झाला आणि बाबा एकदम म्हणाले, "ही गाडी जॉर्जमुळे बरं का." बाबांनी मुंबईत तीसेक वर्षं टॅक्सी चालवली, बिल्ल्याचं पितळ झिजलंय पण अजून खिशात असतो, आणि जॉर्ज फर्नांडिस म्हटलं की त्यांचा आवाजच बदलतो. मंगळूरचा पोरगा, पाद्री व्हायचं सोडून मुंबईत आला, फुटपाथवर झोपला, गोदी कामगार, टॅक्सीवाले यांच्या युनियन बांधल्या आणि १९६७ ला दक्षिण मुंबईत काँग्रेसच्या स. का. पाटलांना लोकसभेला पाडलं, ज्यांना कोणी पाडू शकेल असं वाटतच नव्हतं!

मग ७४ चा रेल्वे संप, मे महिन्यातले जवळपास वीस दिवस, हजारो कामगार आत, कितीतरी जणांच्या नोकऱ्या गेल्या. ७७ ला तर आणीबाणीत आत असताना जेलमधूनच बिहारमधलं मुजफ्फरपूर जिंकलं, हातात बेड्या असलेला तो फोटो बघून मला अजून काटा येतो. आणि ज्याने रेल्वे बंद पाडली तोच ८९ ला रेल्वेमंत्री झाला आणि कोकण रेल्वे मार्गी लावली.

पुढे ते भाजपसोबत गेले ते बाबांना आवडलं नाही, मलाही नाही, खरं सांगतो. पण आज कुडाळला उतरल्यावर बाबांनी डब्याच्या दांड्यावरून हळूच हात फिरवला आणि मग पिशवी उचलली.