काडतुसांच्या रकान्यातली आडवी रेघ

गेल्या जानेवारीत, सकाळी अकराच्या सुमारास निफाडकडचा एक शेतकरी दुकानात आला. वय तिशी-पस्तिशीचं, अंगात स्वेटर, डोळे जागरणानं लाल. कापडी खोळीतली दुनळी काउंटरवर ठेवून म्हणाला, "काका, रात्री चाप दाबला तर नुसतं टक् वाजलं. उडालीच नाही. स्प्रिंग गेली वाटतं, बघा जरा."

त्याला मी ओळखत होतो. त्याचे वडील, नाना, तीस वर्षं आमच्याकडे येत होते. 2022 साली ते गेले आणि बंदूक वारसाहक्कानं ह्याच्या परवान्यावर चढली. पीक संरक्षणाचा परवाना, बारा बोअर, दोन नळ्या शेजारीशेजारी, दोन चाप.

नाशकात आमचं शस्त्रविक्रीचं आणि दुरुस्तीचं परवानाधारक दुकान आहे. लोकांना वाटतं इथं रोज काहीतरी थरारक घडत असेल. प्रत्यक्षात दिवस जातो तो गंज काढण्यात. बँकांच्या गनमनच्या बंदुका परवाना नूतनीकरणाच्या आधी येतात. निवडणूक लागली की पुष्कळशी शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा होतात आणि दोन-तीन महिन्यांनी ओल खाऊन परत येतात, तेव्हा आमचा हंगाम. नळीच्या आत बोट फिरवलं की कुठल्या ठाण्याची कोठी गळते ते मला कळतं.

ज्या उस्तादांकडे मी हे काम शिकलो, त्यांच्याकडे एक शिस्त होती. बंदूक हातात आली की आधी मोडायची, म्हणजे बिजागरीवर वाकवून उघडायची, दोन्ही नळ्या उजेडाकडे धरून आरपार बघायचं, मग गिऱ्हाइकाचं गाऱ्हाणं ऐकायचं. त्या दिवशी मी उलटं केलं. आधी गाऱ्हाणं ऐकलं आणि डोक्यात स्प्रिंग शिरली. बंदूक मोडली, दोन्ही चेंबर, म्हणजे नळ्यांच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागा, रिकामी दिसली, डमी काडतुसं घातली आणि दोन्ही चाप ओढून पाहिले. ठोका खणखणीत. डमीच्या टोपीवर, म्हणजे काडतुसाच्या बुडाशी जिथे ठोका बसून ते पेटतं तिथे, पिनची खूण नेमकी मधोमध. स्प्रिंगला काही झालेलं नव्हतं.

तेव्हा कुठे डमी काढून मी नळ्या खिडकीकडे धरल्या. डावीतून समोरच्या इमारतीची गच्ची दिसली. उजवीत काळोख.

टॉर्च लावला. चेंबर जिथे संपतं आणि नळी निमुळती होते, तिथे एक पितळी चकती माझ्याकडे बघत होती. मधोमध टोपी. जिवंत काडतूस.

हे कसं होतं ते नीट सांगतो, कारण वर्षानुवर्षं बंदूक बाळगणाऱ्या माणसांनाही ते ठाऊक नसतं. बोअर म्हणजे काय, हे विचारलं तर दहांतले आठ जण चुकतात. एक पौंड, म्हणजे सुमारे 454 ग्रॅम शिशाच्या सारख्या 12 गोळ्या केल्या, तर त्यातली एक गोळी ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोअर. 20 गोळ्या केल्या तर वीस बोअर. म्हणजे आकडा वाढला की नळी बारीक होते. बाराची नळी साधारण 18.5 मिलिमीटर, विसाची 15.6. गिऱ्हाइकं मात्र वीस म्हणजे मोठी समजतात.

आता काडतुसाच्या बुडाची कड. बाराच्या काडतुसाची कड 22 मिलिमीटरच्या वर असते. ती चेंबरच्या तोंडाशी अडते, म्हणून काडतूस जागेवर राहतं. विसाच्या काडतुसाची कड असते साडेएकोणीसच्या आत. बाराचं चेंबर 20 च्या वर. त्यामुळे विसाचं काडतूस बाराच्या बंदुकीत घातलं की ते तोंडाशी थांबतच नाही, सरळ पुढे घसरतं आणि नळी जिथे निमुळती होते तिथे कडेवर अडकून बसतं. पिन तिथवर पोचत नाही. चाप दाबला की टक्. बंदूक मोडून बघावं तर चेंबर रिकामं. माणसाला वाटतं, अरे, भरायचंच राहिलं. तो खिशातलं बाराचं काडतूस काढतो आणि त्याच चेंबरमध्ये घालतो. ते व्यवस्थित बसतं, कारण चेंबर खरोखरच मोकळं असतं.

आता पुन्हा चाप दाबला की मागच्या काडतुसाचे छर्रे पुढच्या जिवंत काडतुसावर आदळतात. नळी फाटते, आणि बहुतेक वेळा नेमकी त्याच जागी, जिथे डाव्या हाताची बोटं पुढच्या लाकडाला धरून असतात.

म्हणूनच बाहेरच्या देशांतले मोठे कारखाने विसाची काडतुसं पिवळ्याच रंगाची काढतात. पण हे काडतूस जुनं, कागदी. ओलीनं फुगलेलं, रंग उडून मातकट झालेलं. रात्री टॉर्चच्या उजेडात लाल काय, पिवळं काय.

मी त्याला स्टुलावर बसवलं आणि विचारलं, "टक् वाजल्यावर काय केलंस?"

"मोडून बघितली. आत काहीच नव्हतं. म्हटलं भरायची राहिली. दुसरं घातलं."

"कुठलं?"

त्यानं खिशातून लाल प्लॅस्टिकचं, बाराचं काडतूस काढून काउंटरवर ठेवलं.

"मग उडवलं का नाहीस?"

"भाऊ आला ट्रॅक्टर घेऊन. लाईट पडली, उसात सळसळ झाली, अन् गेला तो. मग कशाला उडवू? काढून घेतलं."

'तो' म्हणजे बिबट्या. शेतीपंपाची वीज रात्रीची, त्यामुळे पाणी भरायला रात्रीच जावं लागतं. बांधाला ऊस, आणि आठवड्यापूर्वीच शेजारच्या वस्तीवरचं वासरू गेलेलं. बिबट्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, त्याला हात लावता येत नाही, हे त्याला माहीत होतं. त्याला फक्त हवेत आवाज करायचा होता. नानांची सवय अशी की आवाजापुरतं एकाच नळीत भरायचं, दुसरी रिकामी ठेवायची. मुलानं तीच उचलली. मी त्याला स्पष्ट सांगितलं, आवाजच हवा असेल तर सुतळी बॉम्ब लाव, डबा बडव, वनखात्याला फोन कर. अंधारात, घाबरलेल्या हातांनी भरलेली बंदूक बिबट्यापेक्षा जास्त धोक्याची असते. पण मी हे नाशकात दिवसाउजेडी बसून बोलत होतो, आणि रात्री दोनला उसाच्या कडेनं पाणी धरायला तोच जाणार होता, हेही मला कळत होतं.

मग कामाला लागलो. पुढचं लाकूड काढून नळ्या बॉडीपासून वेगळ्या केल्या. मागच्या बाजूनं, म्हणजे टोपीच्या बाजूनं, काहीही घालायचं नाही. गज नाही, स्क्रूड्रायव्हर नाही, पकडीचं टोकही नाही. अशा वेळी लोक घरी तेच करतात. अडकलेलं जिवंत काडतूस घरी काढायला कुणीही जाऊ नये, हे हात जोडून सांगतो. नळ्या मागच्या पडवीत नेल्या. चामड्याची पट्टी लावून शिकंज्यात धरल्या आणि चेंबरच्या तोंडासमोर वाळूची पोती रचली. नळीच्या पुढच्या तोंडाकडून पातळ तेल सोडून संध्याकाळपर्यंत मुरू दिलं. तेलानं दारू मेली असेल असं मात्र धरून चालायचं नाही. ती तशीच जिवंत आहे समजूनच हात लावायचा.

गज लाकडाचा, सागवानी, 16 मिलिमीटरचा. पितळीसुद्धा नाही. उजव्या नळीला चोक, म्हणजे पुढच्या तोंडाशी असलेला आवळा, कमी असल्यानं तो तिकडून सहज गेला. टोक काडतुसाच्या तोंडाला टेकल्यावर अंग बाजूला घेतलं आणि नळीच्या रेषेत शरीराचा कुठलाही भाग येणार नाही असा हात ठेवून दाब दिला. हातोडा वापरायचा नाही, नुसता दाब. पहिल्यांदा हललं नाही. दुसऱ्यांदा बारीक चर्र आवाज झाला आणि काडतूस मागे सरकून कापडावर पडलं.

मी टोपी उजेडात धरली. गुळगुळीत, खूण म्हणून नाही. त्याच्या हातात ठेवलं आणि लाल काडतूस शेजारी लावलं. त्यानं दोन्हींची बुडं पाहिली, मग स्वतःच मातकट काडतूस उजव्या चेंबरमध्ये सोडून बघायला निघाला. मी त्याचं मनगट धरलं. त्यानंतर तो बराच वेळ काही बोलला नाही. डाव्या हाताची बोटं उजव्या हातात धरून बसून राहिला.

पण विसाचं काडतूस आलं कुठून? त्याच्या परवान्यावर वीस बोअर नाही. मी कपाटातून 2020 चं रजिस्टर काढलं, आणि तेव्हापासून ते पान माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

नानांकडे तीन शस्त्रं होती. ही दुनळी, एक .315 ची रायफल आणि त्यांच्या वडिलांची एकनळी वीस बोअर. डिसेंबर 2019 मध्ये शस्त्र कायद्यातली दुरुस्ती लागू झाली, एका परवान्यावर तीनऐवजी दोनच शस्त्रं राहिली आणि जास्तीचं जमा करायला एक वर्ष मिळालं. नानांनी वीस बोअर आमच्याकडे जमा केली. नोंद माझ्याच हातची. बनवणाऱ्याचं नाव, नंबर, बोअर, दस्त्यावरचा तडा, सगळं टिपलेलं. शेवटचा रकाना 'काडतुसे'. त्यात मी आडवी रेघ मारली होती.

म्हणजे काडतुसं नाहीत. नानांनी तसं सांगितलं होतं की मी विचारलंच नव्हतं, हे मला आठवत नाही. नानांना विचारायची आता सोय नाही. पण मी स्वतःला ओळखतो. त्या वर्षी जमा होणाऱ्या बंदुकांची रांग लागली होती, आणि ज्या बोअरची काडतुसं बाजारात मिळायची बंद झाली ती घरात कशी असतील, असं मी धरून चाललो असणार. बंदूक कागदोपत्री घरातून गेली, तिची काडतुसं कमरेच्या काडतूस-पट्ट्यात राहिली.

आमच्या धंद्यात ही ढिलाई सगळीकडे आहे. 'बत्तीसची द्या', म्हणजे .32 ची काडतुसं द्या, म्हणून माणूस येतो. त्याच्याकडे पिस्तूल आहे की रिव्हॉल्व्हर, हे विचारणारे विचारतात, न विचारणारेही आहेत. दोन्ही बत्तीसच, पण पिस्तुलाच्या काडतुसाची पितळी पुंगळी 17 मिलिमीटरची आणि रिव्हॉल्व्हरची 23 ची. बारा बोअरमध्येसुद्धा 65 आणि 70 मिलिमीटर असे दोन प्रकार. ही लांबी उडाल्यानंतरची, तोंड उलगडल्यावरची असते. म्हणून 70 चं काडतूस जुन्या 65 च्या चेंबरमध्ये बिनतक्रार बसतं आणि उडताना त्याला उलगडायला जागा मिळत नाही, दाब वाढतो. जुनी विलायती बंदूक आली की मी चेंबर मोजल्याशिवाय काडतूस देत नाही. ह्या बाबतीत माझा हात सैल नाही, आणि तरी ती रेघ माझीच आहे.

दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन मीच पोलीस ठाण्यात गेलो. परवान्यावर नसलेल्या बोअरची काडतुसं घरात ठेवणं हा गुन्हा आहे आणि त्याला ते कुणी सांगितलेलं नव्हतं. पट्ट्यात आणखी चार निघाली होती. अर्ज लिहिला, पाच काडतुसं टेबलावर ठेवली. मुद्देमाल कारकुनानं पावतीवर लिहिलं, 'जिवंत काडतुसे 5 नग.' मी म्हणालो, "साहेब, बोअर लिहा." तो म्हणाला, "पाच नग लिहिलंय ना." मी पुन्हा म्हणालो, तो वैतागला. मागच्या निवडणुकीनंतर ह्याच घरची काडतुसं जमा होऊन परत आली होती. तेव्हाच्या पावतीवरही नुसते नगच होते आणि सगळी एकाच प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून दिली होती. पट्ट्यात नानांनी वेगळी लावलेली असतील तर ती तिथेच एक झाली. कारकुनाला दोष देऊन मी मोकळा होऊ शकलो असतो. त्यानं नग मोजले, मी तर नगही मोजले नाहीत. शेवटी त्यानं लिहिलं, '20 बोअर'.

परतल्यावर नाशकातल्याच अंबडच्या औद्योगिक वसाहतीत ओळखीच्या लेथवाल्याकडे गेलो. 3 मिलिमीटरच्या पोलादी पट्टीत बरोबर 20 मिलिमीटरचं भोक पाडून घेतलं, कडा घासून घेतल्या. विसाच्या काडतुसाचं बूड त्यातून जातं, बाराचं अडतं. अंधारातही बोटांना कळतं. पट्टी त्याला दिली आणि सांगितलं, घरातलं प्रत्येक काडतूस ह्यातून घालून बघ. पट्टा, कपाट, नानांची पेटी, शेतातली खोली, काही सोडू नकोस.

परवा रात्री त्याचा फोन आला. 31 काडतुसं भोकापाशी अडली. दोन आरपार गेली.