ब्राह्ममुहूर्त

आमच्या घरात बरीच वर्षं माझी एक ख्याती होती: हा पहाटे चारला उठतो. आई हे नातेवाइकांना सांगायची, शेजारपाजारी सांगायची, दारात आलेल्या बोहारणीलासुद्धा सांगायची. थंडीत रात्री एकपर्यंत सराफ्याच्या खाऊगल्लीत उभं राहून तळलेले गराडू कंदाचे काप खाणाऱ्या या इंदुरात, ब्राह्ममुहूर्ताला जागा असलेला मुलगा म्हणजे कुळाचं नावच काढलं की हो.

मीही कधी खुलासा केला नाही. फुकटचं कौतुक कोण सोडतं? मला उठवायचा तो दमा.

आधी छातीत बारीक शिट्टी. मग कोरडा खोकला. दोन उशा घ्या, तिसरी घ्या, शेवटी भिंतीला पाठ लावून, गुडघ्यांवर कोपरं टेकून बसा. लोकांना वाटतं, दमेकऱ्याला श्वास घेता येत नाही. घेता येतो हो, सोडताना फजिती होते. आत चटकन गेलेली हवा बाहेर यायला तासभर लावल्यासारखी रेंगाळते. उस्ताद अमीर खाँसाहेब आमच्याच गावचे, झुमरा तालातल्या अतिविलंबित, म्हणजे अगदी संथ, गायकीचे बादशहा. त्यांच्या समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची, वाट बघण्यात सुख असतं. माझ्या विलंबितात सम सापडेल याची खात्री नसायची.

तोवर खाली रस्ता झाडणाऱ्या बायका आलेल्या असत. त्यांच्या झाडूची खर्र, माझ्या छातीची घर्र. जरा दम आला की उठून औषधाचा निळा पंप ओढायचा, नर्मदेचा नळ आला असला तर ड्रम भरून ठेवायचा. आई आणखी खूश. दुपारी ऑफिसात फाइलीवर डोकं टेकायचं, त्याचा दोष मात्र डब्यातल्या वरणभाताला.

लग्नानंतर बायकोनं धरून डॉक्टरांकडे नेलं.

"रात्री दम्यानं जाग येते का?"

"छे हो, मी पहाटे उठतोच."

"गेल्या आठवड्यात पाचदा," शेजारून आवाज आला. तिनं मोजलं होतं. मला त्यातल्या दोनच आठवत होत्या.

मग डॉक्टरांनी माझ्या ब्राह्ममुहूर्ताची पार चिरफाड केली. पहाटे चारच्या सुमाराला श्वासनळ्या सगळ्यांच्याच थोड्या आवळतात. सूज आवरून धरणारं कॉर्टिसोल हे संप्रेरक रात्री ओसरलेलं असतं. निरोगी माणसाला पत्ता लागत नाही, दमेकऱ्याच्या आधीच सुजलेल्या नळ्यांना मात्र तेवढंच निमित्त पुरतं. त्यात गादीतले डोळ्यांना न दिसणारे धुळीचे किडे, आणि उशिरा तळकट खाऊन आडवं झाल्यावर घशाशी येणारं आम्लपित्त. (सराफ्याचा उल्लेख मी केला नाही. बायकोनं केला.) म्हणे इंग्लंडातल्या जॉन फ्लॉयर नावाच्या डॉक्टरानं, जो स्वतः दमेकरी होता, 1698 सालीच लिहून ठेवलंय की हा झटका रात्रीच्या झोपेत येतो. तीनशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसाबद्दल मला एकदम भाऊबंदकी वाटली. चांगल्या अर्थानं.

"निळा पंप नळी उघडतो, सूज कमी करत नाही," डॉक्टर म्हणाले. "महिन्यातून एकदा जरी रात्री दम्यानं उठलात, तरी दमा पुरता ताब्यात नाही असं समजा." माझा हिशोब आठवड्याला पाचचा.

सूज कमी करणारा, रोजचा दुसरा पंप सुरू झाला. घेतल्यावर चूळ भरायची, नाहीतर तोंड येतं. "पंपाची सवय लागते," असं आईनं उगीचच बजावलं. गादीला उन्हं दाखवली, उशांच्या खोळी गरम पाण्यात काढल्या. काही आठवड्यांनी एकदा डोळे उघडले तर भिंतीवर ऊन. मी घाबरून छाती चाचपली. काही वाजत नव्हतं.

आता सातशिवाय जाग येत नाही. परवा नळ येऊन गेला, ड्रम तळाशी. आई रिकामा तांब्या घेऊन दारात उभी राहिली, माझ्या अंथरुणाकडे बघितलं आणि बायकोला म्हणाली, "तुझ्या त्या डॉक्टरनं चांगला मुलगा आळशी करून ठेवला गं."