चूक लवकर दाखवणारी साधने

विज्ञान आणि गणिताच्या कामासाठी मी कोणती साधने वापरते, असे कोणी विचारले की समोरच्याला बहुधा एखाद्या सॉफ्टवेअरचे नाव ऐकायचे असते. माझे उत्तर मात्र कोऱ्या कागदाच्या वहीपासून आणि शाईच्या पेनापासून सुरू होते. पेन्सिल मी मुद्दाम टाळते, कारण खोडलेली ओळ जाताना ती का खोडली हेही घेऊन जाते. चुकलेल्या ओळीवर एकच आडवी रेघ मारून शेजारी कारण लिहून ठेवले, की महिन्याभराने त्याच वाटेने जाण्याचा मोह झाला तरी वही आठवण करून देते. प्रत्येक पानावर तारीख आणि डाव्या समासात प्रत्येक राशीचे एकक, एवढीच शिस्त मी पाळते. समीकरणाच्या एका बाजूला ऊर्जा आणि दुसऱ्या बाजूला बल आले, तर पुढची आकडेमोड करण्यात अर्थ नाही, हे या समासामुळे दोन मिनिटांत कळते. मात्र दोनचा गुणक गळाला किंवा ऋण चिन्ह सुटले तर एकके गप्प बसतात, आणि माझ्या चुका बहुतेक याच जातीच्या असतात.

त्यासाठी संगणक. बीजगणितातली एखादी नित्य समानता (चलाच्या प्रत्येक किमतीला खरी ठरणारी) हाताने मांडून झाली, की पायथॉन या संगणकभाषेत दोन्ही बाजूंत वाटेल त्या चार-पाच संख्या घालून मी उत्तरे ताडून पाहते. ही सिद्धता नव्हे, पण चिन्हाची चूक असेल तर ती पहिल्याच संख्येला उघडी पडते. अर्थात या तपासनिसालाही अधूनमधून तपासावे लागते. (१ − cos x) भागिले x² या राशीत x रेडियनमध्ये मोजून तो शून्याकडे नेला, तर किंमत ०.५ कडे जाते. पण x = १०⁻⁸ घेऊन नेहमीच्या दुहेरी अचूकतेच्या (सुमारे सोळा अंकांच्या) गणिताने ती काढली, तर उत्तर चक्क शून्य येते. cos x ची किंमत एकपेक्षा इतकी किंचित कमी असते की संगणक ती पूर्ण एक धरतो आणि वजाबाकीत सारेच नाहीसे होते. तीच राशी २ sin²(x/२) भागिले x² अशी लिहिली तर ०.५ नीट मिळते. हे उदाहरण मी वहीच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवले आहे. पडद्यावरच्या सोळा अंकी उत्तराचा दरारा कमी व्हायला त्याची फार मदत होते.

पूर्णांकांच्या क्रमिकांचा (ठरावीक क्रमाने येणाऱ्या संख्यांच्या मालिकांचा) ऑनलाइन विश्वकोश हे माझे सर्वांत लाडके साधन. नील स्लोन यांनी १९६४ मध्ये विद्यार्थिदशेत क्रमिका टिपून ठेवायला सुरुवात केली, त्या संग्रहाचे हे आजचे रूप आहे. वर्तुळावर बिंदू घेऊन ते सर्व सरळ रेषाखंडांनी (जीवांनी) एकमेकांना जोडले, तर वर्तुळाचे जास्तीत जास्त किती भाग पडतात, हे मी एकदा मोजत होते. १, २, ४, ८, १६ असे आकडे आल्यावर पुढचा ३२ असणार हे गृहीत धरून मी सूत्रही लिहून टाकले होते. विश्वकोशात हे पाच आकडे टाकले तेव्हा ढीगभर क्रमिका समोर आल्या आणि त्यांतल्या एकीत पुढचा आकडा ३१ होता. नेमकी तीच माझी क्रमिका निघाली. त्यानंतर सहा बिंदूंची आकृती मोठ्या कागदावर काढून भाग मोजले, ते ३१ भरले, आणि माझ्या सूत्रावर आडवी रेघ पडली.

विदा (डेटा) हातात आली की सरासरी काढण्याआधी आलेख काढायचा, हा नियम मी संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अँस्कोम यांच्या १९७३ मधल्या चार उदाहरणांवरून उचलला. प्रत्येकात अकरा बिंदू आहेत, चारही ठिकाणी x ची सरासरी ९, y ची सुमारे ७.५ आणि सहसंबंध गुणांक (x आणि y किती जुळून बदलतात ते सांगणारा आकडा) सुमारे ०.८१६ आहे. आलेख काढला तर एकीकडे सरळ रेषेभोवती विखुरलेले बिंदू दिसतात, दुसरीकडे स्वच्छ वक्र, तिसरीकडे रेषेपासून भरकटलेला एकच बिंदू, आणि चौथीकडे एक सोडून सगळे बिंदू एकाच उभ्या रेषेवर. मॅटप्लॉटलिब या पायथॉनच्या आलेखसाधनाने असा आलेख दोन-तीन ओळींत होतो. तो दिसायला सुंदर हवा असा माझा आग्रह नसतो. अक्षांवर एकके मात्र हवीतच.

लेखनासाठी लाटेक, म्हणजे समीकरणांसह मजकूर छपाईसाठी मांडणारी प्रणाली. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ यांनी आपल्या पुस्तकाची छपाई मनासारखी होईना म्हणून टेक ही प्रणाली घडवली आणि लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० च्या दशकात तिच्यावर लाटेक उभारले. (आपल्या पुस्तकांतली चूक दाखवणाऱ्याला क्नुथ २.५६ डॉलरचा धनादेश देत, हे कळल्यापासून मला त्यांच्याविषयी विशेष आपुलकी वाटते.) लाटेकची फाइल हा साधा मजकूर असल्यामुळे ती प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या गिट या प्रणालीत ठेवता येते आणि कोणत्या दिवशी कोणत्या ओळीतले चिन्ह बदलले, हे नंतर शोधून काढता येते. हे मला सुबक समीकरणांपेक्षाही मोलाचे वाटते.

स्प्रेडशीटशी माझे फारसे जमले नाही, कारण ती न विचारता सुधारणा करते. जनुकांची नावे ती तारखा समजून बदलत असे, म्हणून मानवी जनुकांना नावे देणाऱ्या समितीने २०२० मध्ये अशी काही नावेच बदलल्याचे जाहीर केले. ज्युपिटर नोटबुक (पायथॉनच्या आज्ञा कप्प्याकप्प्यांत लिहून चालवण्याचे साधन) मी रोज वापरते, पण तिच्यातले कप्पे वाटेल त्या क्रमाने चालवता येतात आणि पुसून टाकलेल्या ओळीतली चलराशी स्मृतीत तशीच राहते. त्यामुळे निष्कर्ष वहीत उतरवण्यापूर्वी सारे बंद करून नोटबुक पहिल्या कप्प्यापासून शेवटपर्यंत पुन्हा चालवते.

वहीच्या शेवटच्या पानावर माझ्याच चुकांची यादी आहे: ऋण चिन्ह, दोनचा गुणक, अंशांच्या जागी रेडियन, बेरजेची सुरुवात शून्यापासून की एकापासून. वही बदलली की ही यादी नव्या वहीत उतरवून घेते, आणि गेल्या तीन वह्यांत तिच्यातली एकही ओळ कमी करता आलेली नाही.