पालिकेच्या शाळांतला चित्रकलेचा तास : आमची वाटचाल

बडोद्यातल्या पालिकेच्या शाळांत चित्रकला आणि मातीकाम पोचवणं हा आमचा व्यवसाय. कलेच्या बाबतीत या शहरात काही उणं नाही. सयाजीरावांच्या काळात १८९० साली कलाभवन निघालं, दादासाहेब फाळके तिथे शिकले. १९५० पासून विद्यापीठाची ललित कला शाखा आहे. पण २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात अर्धवेळ कलाशिक्षकाची तरतूद आहे ती सहावी ते आठवीसाठी, तीही पट शंभराच्या वर असेल तर. खालच्या पाच इयत्तांची चित्रकला वर्गशिक्षिकेच्या अंगावर. आम्ही मुख्यतः तिच्यासाठी काम करतो.

सुरुवात साहित्य पुरवण्यापासून झाली. मागणीपत्रात ‘रंगखडू, १२ रंग’ एवढंच लिहिलं की सर्वांत स्वस्त मेणखडू येतात. त्यांत मेण जास्त, रंग कमी. झेरॉक्सच्या गुळगुळीत कागदावर ते घसरतात, पोर जोर लावतं आणि खडू मोडतो. म्हणून मागणीपत्राचा मसुदाच आम्ही करून देऊ लागलो: ऑईल पेस्टल (तेलमिश्रित मऊ रंगखडू) आणि १४० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला १४० ग्रॅम वजनाचा, कार्ट्रिज हा चित्रकलेचा जाड कागद. आलेला माल तपासायला जाड पट्टा ओढून बोटानं घासायचा. ऑईल पेस्टल पसरतं, मेणखडू फारसा हलत नाही. ४५ मुलांच्या वर्गाला १२ पूर्ण ताव पुरतात. प्रत्येकाचे चार तुकडे केले की ४८ होतात, तीन खराब व्हायला शिल्लक.

चांगलं साहित्यसुद्धा कपाटातच राहतं, याला शिक्षिकांचा आळस कारण नाही. ३५ मिनिटांच्या तासात वाटपाला दहा आणि आवराआवरीला दहा मिनिटं जातात. उरलेल्या पंधरात काय होणार? त्यामुळे आम्ही दोन गोष्टी आधीच मागून घेतो: आठवड्याला एक जोडतास, आणि नळाजवळची तळमजल्यावरची खोली. दुसऱ्या मजल्यावर बादल्या चढवायच्या असतील तर जलरंग काढूच नयेत, पेस्टल आणि कागदकाम करावं.

बाकी सगळं पत्र्याच्या पेटीत बसतं. पाच-पाच मुलांचे नऊ गट, प्रत्येक गटाला पाच चपटे ब्रश, अंड्यांचा एक प्लास्टिकचा ट्रे आणि पाण्यासाठी श्रीखंडाचे दोन रिकामे डबे. डबा बुटका आणि बुडाला रुंद, म्हणून कलंडत नाही. मध्यान्ह भोजनाच्या वाट्या रंगाला वापरायच्या नाहीत, कितीही घासून देतो म्हणाले तरी. भुकटीचा रंग त्या दिवसापुरताच कालवावा. डिंक घातलेला रंग उन्हाळ्यात एका रात्रीत आंबतो. ब्रश डब्यात बुडवून ठेवले तर केस वाकतात, दांड्याचं लाकूड फुगतं आणि सुकताना आकसलं की पत्र्याची टोपी निसटते. धुऊन आडवे वाळवावेत.

मातीत मात्र आमचा जीव रमतो. माणशी ४०० ग्रॅम धरली तर ४५ मुलांना १८ किलो लागते. ती कुंभाराकडून चाळलेली, मळलेलीच आणतो. शेतातली काळी माती फुकट मिळते, पण ती पाण्यानं फार फुगते आणि वाळताना तितकीच आकसून तडकते. बैलाचे पाय किंवा हत्तीची सोंड नुसती दाबून चिकटवली की दुसऱ्या दिवशी गळून पडते. दोन्ही बाजूंना खिळ्यानं चरे पाडून, मध्ये पातळ चिखल भरून जोडायचं. वाळवणं सावलीत, वर ओलं फडकं टाकून सावकाश. पंख्याखाली किंवा उन्हात बाहेरचा थर आधी आकसतो आणि भेग पडते. आणि हात कधीही थेट नळाखाली धुवायचे नाहीत. मोरी तुंबली की शाळेत मातीकाम बंद झालंच म्हणून समजा. तीन बादल्या ओळीनं ठेवायच्या, गाळ बसू द्यायचा, वरचं पाणी झाडांना घालायचं. खालची माती पुढच्या वेळी वापरता येते.

वर्षाचं वेळापत्रक हवामान आणि सण ठरवतात. पावसाळ्यात रंग वाळत नाहीत, तेव्हा कोळसा आणि कातरकाम. गणपतीआधी माती. उत्तरायणाआधी, म्हणजे संक्रांतीआधी, पतंगाचा कागद आणि बांबूची कामटी. यात मुलंच आम्हाला शिकवतात. मांजा मात्र वर्गात नाही.

छोटा उदेपूरकडून कामाला आलेल्या राठवा आदिवासी कुटुंबांची मुलं काही वर्गांत असतात. ‘भिंतीवर पिठोरा काढून घ्या’ अशी मागणी मग हटकून येते. ती आम्ही घेत नाही. पिठोरा म्हणजे राठवांचं घोड्यांचं भित्तिचित्र. ते नवसाचं असतं, बडव्याच्या (त्यांच्या पुजाऱ्याच्या) देखरेखीखाली विधीनं लिहिलं जातं. शाळेचा जिना सजवायला ते नव्हे. घोडे काढायचे तर मुलांनी पाहिलेले काढावेत, लग्नाच्या वरातीतलेसुद्धा चालतात.

२०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दप्तराविना दिवस सुचवले आहेत. त्यांत कुंभाराला चाकासकट शाळेत बोलावता येतं. त्याची दिवसाची मजुरी अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीत लिहावी, ‘इतर खर्चा’त ती हमखास कापली जाते.

आता आमचा बराच वेळ वर्गशिक्षिकांच्या शिबिरांत जातो. तिथे चित्र काढायला कमी आणि वाटप-आवराआवरीला जास्त वेळ देतो. पेटीला दोन किल्ल्या ठेवतो: एक आचार्यांकडे (मुख्याध्यापकांकडे), एक वर्गशिक्षिकेकडे. झाकणाच्या आत संपलेल्या वस्तू लिहायचा कागद चिकटवलेला असतो. महिनाअखेरीस त्याचा फोटो आला की आम्ही तेवढंच सामान भरतो. कागद कोराच आला तर सामान पाठवायच्या आधी शाळेत जाऊन येतो.