ओपीसी की पीपीसी?

पोरगी साडेआठ वर्षांची, खालची सहा नंबरची दाढ किडलेली. ही दाढ सहाव्या वर्षी मागून गुपचूप येते, एकही दात न पडता, त्यामुळे घरच्यांना वाटतं दुधाचीच आहे, पडेल. कायमची आहे हो, हे मी घणसोलीत रोज एकदा तरी सांगते.

आधी जिथे दाखवलं तिथे रूट कॅनाल सांगितलेलं. या वयात मुळांची टोकं उघडी असतात, सगळी नस काढली की मूळ तिथेच अडतं, भिंती पातळ राहतात आणि पुढे कधीतरी दाढ उभी चिरते. पण नस दिसली की कॅनाल, ही आम्हा डेंटिस्ट लोकांची सवयच झालीये.

दाढेभोवती रबराचा पडदा, रबर डॅम, लावून कीड काढत गेले, नस उघडी पडलीच. वरची दोनेक मिलिमीटर नस डायमंड बरने, म्हणजे ड्रिलच्या हिरा लावलेल्या टोकाने, पाणी सोडत कापली, जंतुनाशक हायपोक्लोराइटचा बोळा दाबला आणि घड्याळाकडे बघत बसले. सगळा खेळ इथेच असतो, रक्त थांबलं तर खालची नस ठीक, नाही तर सूज खोल गेलीये. पाच मिनिटं झाली तरी बोळा लालच. मग कॅनालच्या तोंडापर्यंतची नस काढली, नवा बोळा. सहाव्या मिनिटाला गुलाबीसर. थांबलं, की थांबलेलं मलाच हवं होतं?

बायोडेंटिनची कॅप्सूल टिचकी मारून सैल केली, पाच थेंब, मशीनमध्ये ३० सेकंद. वडील शेजारीच उभे, ऐरोलीला साइट सुपरवायझर. "हे काय असतं मॅडम?" म्हटलं सिमेंट. "ओपीसी की पीपीसी?"

हे बांधकामाच्या सिमेंटचे प्रकार. हसूच आलं, पण प्रश्न बरोबर होता. १९९३ मध्ये कॅलिफोर्नियात लोमा लिंडा विद्यापीठात टोराबिनेजाद यांनी एमटीए हे दातांचं सिमेंट आणलं ते पोर्टलँड सिमेंटवरूनच. त्यात बिस्मथ, दाढ काळी पडायची, सेट व्हायला पावणेतीन तास. बायोडेंटिनमध्ये झिर्कोनियम, आणि पातळ द्रवात कॅल्शियम क्लोराइड, म्हणून १२ मिनिटांत घट्ट. "म्हणजे ॲक्सिलरेटर टाकलाय. आणि क्युरिंग?" पाणी लागतंच, म्हटलं, ओलावा खाली नसेत असतोच. इतकं नीट आजवर कुणी विचारलं नव्हतं. मग त्यांनीही विचारलंच, गॅरंटी किती वर्षांची.

"तीन आणि सहा महिन्यांनी एक्सरे काढू, मग बघू," एवढंच बोलले. रक्त थांबायला दोन बोळे आणि अकरा मिनिटं लागली हे नाही सांगितलं. त्यांना १:४० ची ट्रेन होती हे खरं, पण माझ्याकडे अर्धं मिनिट नव्हतं असं नाही.

तीन महिन्यांचा एक्सरे छान आला. नस जिवंत आहे का ते थंड लावून बघितलं तर पोरगी कधी हो म्हणाली कधी नाही, उघड्या टोकांच्या दाढेत त्यावर विसंबता येत नाहीच. आता सहा महिने होऊन गेलेत. दोनदा व्हॉट्सॲप केला. उत्तर आलं, "दुखत नाही मॅडम 👍".

मेलेली नसही बऱ्याचदा दुखत नाही, हे आता त्यांना कसं लिहू.