आई निगेटिव्ह, बाळ पॉझिटिव्ह: अँटी-डीचा हिशेब

बायकोचा रक्तगट आरएच निगेटिव्ह, नवऱ्याचा पॉझिटिव्ह. यात पहिल्या बाळाला सहसा त्रास होत नाही. बाळंतपणात पॉझिटिव्ह बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळतं, तिचं शरीर त्याविरुद्ध अँटीबॉडी तयार करतं आणि पुढच्या खेपेला त्या वारेतून जाऊन बाळाच्या तांबड्या पेशी फोडतात. मग रक्त कमी होणं, जबर कावीळ, कधी पोटातच बाळाच्या अंगात पाणी.

म्हणून पहिल्याच तपासणीत रक्तगटासोबत इनडायरेक्ट कूम्ब्स (आईच्या रक्तात अशा अँटीबॉडी आहेत का, हे पाहणारी तपासणी) करून घ्यावी. ती निगेटिव्ह आली, म्हणजे अँटीबॉडी नसल्या, तर २८व्या आठवड्यात पुन्हा करून अँटी-डी, म्हणजे या अँटीबॉडी तयार होऊ न देणारं इंजेक्शन, ३०० मायक्रोग्रॅम स्नायूत. रक्त आधी काढायचं, इंजेक्शन नंतर. क्रम उलटला तर टोचलेली अँटी-डीच तपासणीत दिसते आणि घरच्यांचा जीव उगाच टांगणीला लागतो. या इंजेक्शनचा असर साधारण बारा आठवडे, त्यामुळे "सातव्या महिन्यात घेतलंय की" म्हणून बाळंतपणानंतरचा डोस चुकवू नये.

नाळेच्या रक्तातून बाळाचा गट, डायरेक्ट कूम्ब्स (बाळाच्या तांबड्या पेशींना अँटीबॉडी चिकटल्यात का) आणि बिलिरुबिन (कावीळ किती) तपासायचं. बाळ पॉझिटिव्ह असेल तर ७२ तासांत दुसरा डोस. मग रविवार असो की गड्ड्याची यात्रा. मुदत हुकली तरी डॉक्टरांना विचारा, दहा दिवसांपर्यंत दिल्यास थोडा उपयोग होतो. बाहेरून आणायचं असेल तर बर्फासोबत आणा, २ ते ८ अंशांत राहिलं पाहिजे. सोलापूरच्या मे महिन्यात साध्या पिशवीतून आणलेल्या व्हायलचा भरवसा नाही.

सर्वात जास्त चूक होते ती गर्भपातानंतर. पिशवी साफ केली, घरी आलो, विषय संपला, असं होतं आणि डोस राहून जातो. नळीतला गर्भ, पोटाला मार, मध्येच रक्तस्राव, अशा वेळीही निगेटिव्ह असल्याचं आपणहून सांगा. पहिलं बाळंतपण माहेरी बार्शीला, दुसरं सासरी कलबुर्गीला, अशा घरांत जुनी फाइल सोबत हवीच. डोस दिला होता की नाही, हे तिच्यावरूनच कळतं.

अँटीबॉडी एकदा तयार झाल्या की हे इंजेक्शन निरुपयोगी. मग टायटर, म्हणजे अँटीबॉडीचं प्रमाण, मोजत राहायचं. ते १:१६ किंवा वर गेलं की बाळाच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीची डॉपलर सोनोग्राफी, आणि गरज पडली तर पोटातच बाळाला रक्त.

आईचा रक्तगट ओ, बाळाचा ए किंवा बी असेल तर कावीळ पहिल्या बाळालाही होते, बहुधा सौम्य. त्याला इंजेक्शन नाही. पण पहिल्या २४ तासांत बाळ पिवळं दिसलं तर कोवळ्या उन्हात धरून बसू नका, त्याच दिवशी बालरोग विभागात न्या.