काळं छप्पर आणि आतड्याची पिशवी

आमच्या घरात मोठ्या वस्तूंचं माप फुटांत नव्हतं. आबा विचारायचे, "छपरात मावते का?" नागपूरच्या कस्तुरचंद पार्कवर सर्कशीचा तंबू लागला की आबा तो खालून वरपर्यंत पाहायचे आणि म्हणायचे, "छपरात असे लय मावतील." सीताबर्डीवर पहिली उंच इमारत उभी राहिली तेव्हाही तेच. लहानपणी मला वाटायचं, छप्पर म्हणजे आकाशच असणार.

मे महिन्यात महालातल्या घराच्या गच्चीवर आम्ही सगळे झोपायचो. संध्याकाळी सात-आठ बादल्या पाणी ओतलं की गच्चीतून वाफा निघायच्या, मग गाद्या पडायच्या. आबा आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वेच्या टपाल सेवेत, सॉर्टर होते आणि त्यांची बरीचशी नोकरी रात्रपाळीत गेली. 1949 मध्ये रात्रीची हवाई टपाल सुरू झाली तेव्हा काही वर्षं त्यांची ड्युटी सोनेगावच्या विमानतळावर असायची. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास अशा चार दिशांनी चार डाकोटा मध्यरात्रीनंतर नागपूरला उतरायच्या, आपसात थैल्या बदलायच्या आणि उजाडायच्या आत आल्या वाटेनं परत. झीरो माईलचं गाव असल्याचा एवढा रोकडा फायदा नागपूरला दुसरा कोणता झाला, मला तरी आठवत नाही. आबा ही गोष्ट रंगवून सांगायचे, पण शेवट ठरलेला: "चारही विमानं छपराच्या एका कोपऱ्यात बसली असती. उरलेल्या जागेत तुम्ही क्रिकेट खेळा."

हे छप्पर कराचीत होतं.

माझे पणजोबा कराचीत ओव्हरसियर होते. तेव्हा सिंध मुंबई इलाख्यात होता, त्यामुळे मराठी माणसानं नोकरीसाठी कराची गाठणं म्हणजे काही परदेशी जाणं नव्हतं. आबांचा जन्म तिथला, 1923 चा. शिक्षण नारायण जगन्नाथ हायस्कुलात. शाळेला नाव मराठी माणसाचं, वर्गात सिंधी, गुजराती, पारशी मुलं. आबा म्हातारपणीही पाढे मराठीत म्हणायचे आणि शिव्या सिंधीत द्यायचे.

इंग्रज सरकारच्या डोक्यात तेव्हा वायुनौकांनी, म्हणजे हलक्या वायूवर तरंगणाऱ्या अवाढव्य जहाजांनी, साम्राज्य जोडायचं खूळ होतं. वायुनौका हा शब्द मला आवडतो, पण घरात तो कोणी वापरत नसे. आबांसाठी सगळंच 'झेपलीन', आणि हवाई जहाज म्हणावं तर नागपुरात लोकांना इंडियन एअरलाइन्स आठवते. तर आर-101 नावाची वायुनौका इंग्लंडात कार्डिंग्टनला बांधली जात होती. लांबी शेवटी 777 फूट झाली, म्हणजे आपल्या रेल्वेचे दहा-अकरा डबे, आणि पोटात हायड्रोजन. प्रवास ठरला होता कार्डिंग्टन, इजिप्तमधलं इस्माइलिया आणि मग कराची. प्रवासी नेणारं जहाज म्हणून तिचा गाजावाजा होता, पण मूळ मागणीत लढाईत दोनशे सैनिक किंवा पाच लढाऊ विमानं नेता यावीत हेही होतं. एवढा जीव कराचीत ठेवायचा कुठं? म्हणून शहराबाहेरच्या उघड्या माळावर लोखंडाचं एक अवाढव्य काळं घर उभं राहिलं. त्या कामावर पणजोबा होते. कोणत्या हुद्द्यावर, हे आबा दर वेळी थोडं वाढवून सांगायचे. कधी ते नुसते हजेरी घ्यायचे, कधी अर्धं छप्पर त्यांनीच उभं केलेलं असायचं.

ऑक्टोबर 1930. आबा सात वर्षांचे. झेपलीन येणार म्हणून गल्लीतल्या मुलांची झोप उडालेली. पणजोबांनी कबूल केलं होतं की उतरताना दाखवायला नेईन. 4 ऑक्टोबरच्या संध्याकाळी जहाज इंग्लंडहून निघालं आणि रात्री दोनच्या सुमारास फ्रान्समध्ये बोव्हे गावाजवळ, पावसावाऱ्यात, एका टेकाडावर टेकलं आणि पेटलं. जहाजावर 54 माणसं होती, त्यांतली 48 गेली. त्यांत हवाई खात्याचा मंत्री लॉर्ड थॉमसनही होता. या माणसाचा जन्म आपल्या नाशिकचा! जन्मभूमीकडेच निघाला होता म्हणायचा, आणि सोबत एक इराणी गालिचा घेऊन. चौकशी कोणी केली असेल? जॉन सायमननं. ज्याला दोन वर्षांपूर्वी आपण 'सायमन परत जा' म्हणून काळे झेंडे दाखवले, तोच. हे मला कॉलेजात कळलं तेव्हा मी लायब्ररीत एकटीच हसले होते.

कराचीतल्या घरात बातमी आली तेव्हाचं आबांना एवढंच आठवायचं: पणजोबा टोपी न काढता ओसरीवर बसले आणि पणजीनं विचारलं, "मग आता तुमच्या नोकरीचं काय?"

छपरात ते जहाज कधी आलंच नाही. पण छप्पर राहिलं. विमानं कराचीला उतरताना वैमानिक ते काळं धूड पाहून दिशा धरायचे. फाळणीनंतर आबा नागपूरला मामांकडे आले ते एक ट्रंक घेऊन. तिच्यात पणजोबांचा पितळी ओळंबा होता, अजून माझ्याकडे आहे. छप्पर साठच्या दशकात पाकिस्तानचे अध्यक्ष अयुब खान यांच्या हुकमानं पाडलं. ही बातमी आबांना बऱ्याच वर्षांनी, एका सिंधी व्यापाऱ्याकडून इतवारीत कळली. त्या रात्री ते जेवले नाहीत म्हणे. आजी मात्र सांगायची, जेवले होते, फक्त भाकर एक कमी खाल्ली.

आता आजीचा विषय निघालाच आहे तर पोळ्याची गोष्ट सांगते.

1981 साल. मी बारा वर्षांची, भाऊ नऊचा. आबा नुकतेच रिटायर झालेले, हाताला काम नाही. आम्ही तिघांनी पावसाळाभर बसून झेपलीन बनवलं. बुरुडाकडून बांबूच्या कामट्या आणल्या, त्यांची कडी केली, लांब कामट्यांना सुतळीनं बांधली आणि वर खळीनं पतंगीचा कागद चिकटवला. चार हात लांब. आबांनी ओळंबा लावून शेपटीचे पंख सरळ केले. ओळंब्याला तेवढंच काम नागपुरात मिळालं. झेपलीन पडवीत, बैलांच्या मातीच्या जोडीवर, आडव्या वाशाला टांगलं.

पोळ्याच्या दिवशी आजीनं मातीच्या बैलांची पूजा केली, पुरणाचा नैवेद्य दाखवला आणि सहज वर पाहून विचारलं, "याच्या आत हवा काय असते?"

आबांनी साधं "हो" म्हणायला हवं होतं. पण त्यांना पणजोबांच्या गोऱ्या साहेबानं सांगितलेलं सगळं पाठ. "आत पिशव्या असतात. बैलाच्या आतड्याच्या. आतड्याची पातळ साल काढून एकावर एक चिकटवतात. हायड्रोजन तेवढ्यातूनच निसटत नाही."

आजीच्या हातात निरांजन तसंच राहिलं. "बैलाच्या?"

"एका झेपलीनला लाखो बैल लागतात," आबा उत्साहात.

"पोळ्याच्या दिवशी सांगून राहिले हे! माझ्या नंदीच्या डोक्यावर टांगून! काढा ते खाली. आत्ता काढा."

आमचं कागदाचं आहे, आत काहीच नाही, हे भावानं रडत रडत सांगितलं. काही उपयोग झाला नाही. दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे इडा पिडा घालवायला काढतात ती पुतळ्यांची मिरवणूक. इतवारीकडून काळी-पिवळी मारबत निघाली, गल्लीतल्या पोरांनी त्यांचा बडग्या, म्हणजे जाळायचा पुतळा, काढला आणि आजीच्या हुकमानं आमचं झेपलीन बडग्याच्या खांद्यावर बांधलं गेलं. "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" म्हणत पोरं नाचत होती. बडग्या पेटवला तेव्हा आधी झेपलीनच गेलं. पतंगीचा कागद, खळ आणि वाळलेली कामटी. भप्पकन ज्वाळा झाली आणि क्षणात नुसती कडी उरली, लाल.

भाऊ ओरडत होता. आबा काही बोलले नाहीत. घरी येऊन माझ्याजवळ म्हणाले, "इतकंच लागलं असंल बघ त्याला."

तिथून मला लागलेलं हे वेड अजून सुटलं नाही. सिव्हिल इंजिनीअर झाले, गेली तीस वर्षं लोकांच्या शेडची ड्रॉइंग तपासते, बुटीबोरी-हिंगण्याच्या कारखान्यांची. नवऱ्याला या वेडाचा कंटाळा आहे, मुलीला दया येते. पण वाचताना एकेक गोष्ट अशी निघते की कोणाला तरी सांगावीशी वाटते.

उदाहरणार्थ, पहिल्या महायुद्धातली झेपलीनं. जानेवारी 1915 पासून जर्मनांनी ती बाँब टाकायला इंग्लंडवर पाठवली. त्यांच्या हल्ल्यांत साडेपाचशेच्या आसपास माणसं मेली. ज्या वस्तूच्या प्रेमात आपण आहोत ती मुळात हे करायला बनवली होती, हे मी स्वतःला अधूनमधून बजावते. सुरुवातीला विमानांना ती पाडताच येईनात, कारण साध्या गोळीनं पिशवीला नुसतं भोक पडायचं. मग पेटत्या आणि फुटणाऱ्या गोळ्या आल्या. 3 सप्टेंबर 1916 च्या पहाटे लीफ रॉबिन्सन नावाच्या एकवीस वर्षांच्या वैमानिकानं लंडनच्या उत्तरेला एसएल-11 पाडलं. लाकडी सांगाड्याचं होतं ते, आमच्या कामट्यांसारखंच. लोक रस्त्यावर येऊन टाळ्या वाजवत होते. वर सोळा माणसं जळत होती. रॉबिन्सनला व्हिक्टोरिया क्रॉस हे शौर्यपदक मिळाला आणि दोन वर्षांनी तो फ्लूच्या साथीत गेला. त्याचा जन्म कुर्गातला, कॉफीच्या मळ्यावरचा. इकडे नाशिक, तिकडे कुर्ग, मध्ये कराची. माझं झेपलीन फिरून फिरून इकडेच येतं.

त्या खलाशांकडे सहसा पॅराशूट नसत. पेटलं तर जळायचं की उडी मारायची, एवढंच हातात. हाइनरिश माथी नावाचा नावाजलेला कप्तान महिन्याभरानं असाच लंडनबाहेर एका शेतात उडी मारून मेला.

पण मला रात्री जागवतं ते वेगळंच. शेड! जहाज आकाशात हजारो मैल जातं आणि घरात शिरताना आडव्या वाऱ्यानं दारावर आपटून मोडतं. शेकडो माणसं दोर धरून ओढणार, वारा आला की जहाज माणसांसकट वर. 1932 मध्ये कॅलिफोर्नियात अक्रॉन या अमेरिकी आरमाराच्या जहाजाचे दोर धरलेले तीन खलाशी असे वर गेले. दोघे पडून मेले, तिसऱ्याला वर ओढून घेतलं. जर्मनांनी यावर उपाय काढला तो पाहून मी टेबलावर हात आपटला होता: नॉर्डहोल्झला त्यांनी अख्खी शेडच फिरती केली. दोन जहाजं मावतील एवढी शेड वाऱ्याच्या दिशेनं वळवायची! आमच्याकडे ग्राहक दहा टनांची क्रेन सांगताना कुरकुरतात.

आणि एल-59 हे जर्मन झेपलीन. नोव्हेंबर 1917 मध्ये हे बल्गेरियातून पूर्व आफ्रिकेतल्या जर्मन तुकडीला सामान द्यायला निघालं. पोटात पंधरा टन औषधं आणि दारूगोळा. परतायचं नव्हतंच. तिथं उतरल्यावर जहाज मोडून खायचं होतं: वरच्या कापडाचे तंबू, आतल्या मलमलीची बँडेजं, सांगाड्याचे वायरलेसचे खांब. आबांनी हे आजीला ऐकवलं असतं तर तिनं जुन्या लुगड्यांच्या गोधड्यांकडे बोट दाखवलं असतं. खार्तूमच्या जवळपास पोचल्यावर परत फिरण्याचा निरोप मिळाला आणि जहाज 95 तासांनी, 6,757 किलोमीटर जाऊन, निघालं तिथंच परत आलं. सामान जसंच्या तसं.

मेकनबद्दल तर स्वतंत्रच लिहावं लागेल. पोटात विमानं ठेवणारं अमेरिकी जहाज. विमान उडत येऊन खाली लोंबणाऱ्या झोक्याला आकडा अडकवायचं. 1935 मध्ये ते समुद्रात बुडालं, 1990 मध्ये तळाशी सापडलं, विमानांसकट. आबा तोवर राहिले असते तर विचारलं असतं, छपरात मावलं असतं का? 785 फूट. मावलं असतं, पण दार लावताना जपावं लागलं असतं.

मे 2025 मध्ये, ऐन उन्हाळ्यात, भावानं पुण्याहून व्हॉट्सॲपवर बातमी पाठवली. डीआरडीओनं मध्य प्रदेशात श्योपूरहून एक वायुनौका सोडली, आग्र्याच्या प्रयोगशाळेत बनवलेली. माणूस नाही, नुसती उपकरणं. सतरा किलोमीटर उंच गेली आणि 62 मिनिटं उडाली. फोटोत एक पांढरा, गुळगुळीत, माशासारखा जीव. मी तो मोठा करून शेपटीचे पंख सरळ आहेत का ते पाहत बसले. हात आपोआप ओळंब्याच्या फळीकडे गेला.

मग भावाला लिहिलं, "हेरगिरीसाठी आहे म्हणे. आबा असते तर श्योपूरला न्यायला लावलं असतं."

त्याचं उत्तर लगेच आलं. "आधी विचार बे, पिशवी कशाची आहे. पोळा जवळ येऊन राहिला."